थंडीतल्या सायकलिंग-धावण्याचे कपडे गोव्यात बसून कसे तपासावेत

पणजीत जानेवारीच्या पहाटेही पारा विशीच्या आसपासच असतो. सप्टेंबरात लेहला किंवा जानेवारी-फेब्रुवारीत दिल्ली-चंदीगडकडे धावायला, सायकल चालवायला जाणाऱ्या गोमंतकीयांची अडचण इथूनच सुरू होते. काही जण थंडीच्या कपड्यांचं पार्सल थेट तिथल्या हॉटेलात फोडतात. काही जण थर्मल आणि जाड जॅकेट चढवून मिरामार ते दोनापावला धावतात, घामाने निथळत परततात आणि ‘मस्त गरम आहे’ म्हणून खूष होतात. दोन्ही चुकीचं आहे.

कपडा किती ऊब देतो हे किनाऱ्यावर कळणारच नाही. पण तो कुठे काचतो, घाम किती धरून ठेवतो, वारा कुठून आत घेतो, हातमोजे घालून ब्रेक नीट दाबता येतो का, हे सगळं इथे कळतं. थंडीत माणूस बहुतेक वेळा याच गोष्टींपायी अडतो. म्हणून आधी माप, मग घाम, मग हात-पाय, मग वारा, आणि ऊब सर्वांत शेवटी, घाटावर. हा क्रम मोडला की जॅकेटची परत करायची मुदत संपल्यावर त्याच्या बाह्या आखूड असल्याचं लक्षात येतं.

## १. कपड्यांआधी आकडा ठरवा

‘तिकडे थंडी असते’ एवढ्यावर खरेदी करू नका. तीन आकडे कागदावर लिहा: सुरुवातीच्या तासाचं तापमान, वाटेतल्या सर्वांत उंच जागेचं तापमान आणि उतारावरचा तुमचा वेग.

हवामानाच्या ॲपवर दिवसाचं कमाल तापमान ठळक दिसतं, ते सोडा. शर्यत पहाटे सुटते, तेव्हा पहाटेचा आकडा धरा. उंचीसाठी दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश वजा करा. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथली खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर. म्हणजे लेहला ८ अंश असतील तर खिंडीत उणे ४ च्या आसपास.

मग वारा. सायकलस्वार आणि धावणाऱ्यांचे कपडे वेगळे पडतात ते इथे. हवा ५ अंशांची असेल तर ताशी १२ किलोमीटरने धावणाऱ्याच्या उघड्या त्वचेला ती २ अंशांसारखी लागते. ताशी ४० ने उतार उतरणाऱ्याला तीच हवा उणे १ सारखी झोंबते. ० अंशाला त्याच वेगात उणे ७. शिवाय उतारावर पाय चालत नाहीत, अंग आतून तापत नाही. म्हणून एकाच सकाळी सायकलवाल्याला एक थर जास्त लागतो, आणि तो घालायला-काढायला सोपा असावा लागतो.

धावणाऱ्यांसाठी ढोबळ हिशेब असा. १० ते १५ अंशांत अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, शॉर्ट्स आणि वाटलं तर पातळ हातमोजे. ५ ते १० मध्ये पूर्ण बाह्यांचा बेस लेयर (अंगालगतचा, घाम ओढणारा पातळ थर), टाइट्स (पायांना घट्ट बसणारी पूर्ण लांबीची पँट), पातळ हातमोजे, कानपट्टी. ० ते ५ मध्ये त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट आणि टोपी. शून्याखाली मधला एक थर आणि जाड हातमोजे. सायकलस्वारांनी यातली एक पायरी वरची धरावी. पहिली दहा मिनिटं किंचित थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत. सुटतानाच उबदार वाटत असेल, तर तिसऱ्या किलोमीटरला आतून चिंब व्हाल.

पडताळणी: तीन आकडे कागदावर आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यांवर बेतलेली आहे.

## २. मागवायची वेळ आणि यादी

गोव्यातल्या दुकानांत थंडीचा खेळाचा माल बेताचाच, मापंही अर्धी-मुर्धी. बहुतेक वस्तू ऑनलाइनच येतात, एखाद-दुसरी बदलावी लागते, त्यात दोन-तीन आठवडे जातात. सप्टेंबरच्या लेहसाठी जूनच्या अखेरीस मागवा, जानेवारीच्या शर्यतीसाठी दसऱ्याच्या सुमारास. लेहवाल्यांची सगळी तपासणी भर पावसाळ्यात येते आणि धुतलेला बेस लेयर वाळायलाच दोन दिवस घेतो, हेही हिशेबात धरा.

सायकलस्वारांची यादी: बेस लेयर दोन, पूर्ण बाह्यांची जर्सी एक, आर्म वॉर्मर आणि लेग वॉर्मरची (हात-पायांवर चढवायच्या सुट्या बाह्यांची) एकेक जोडी, खिशात मावणारं विंडचीटर म्हणजे वारा अडवणारं पातळ जॅकेट, पाऊस-बर्फासाठी वॉटरप्रूफ जॅकेट, पातळ आणि जाड असे हातमोज्यांचे दोन जोड, शू कव्हर, हेल्मेटखाली बसणारी पातळ टोपी, गळ्याचा बफ (नळीसारखं शिवलेलं पातळ कापड). धावणाऱ्यांना यातले वॉर्मर आणि शू कव्हर नकोत. त्यांच्या जागी एक टाइट्स आणि एक जादा मोज्यांची जोडी.

जर्सी नेहमीच्या मापाचीच हवी, वरचं जॅकेट मात्र खाली दोन थर घालूनच मापायचं. ‘थंडीचं आहे म्हणून एक साइझ मोठं’ हा सल्ला सरसकट पाळू नका. सैल बेस लेयर अंगाला चिकटत नाही, मग घाम कापडात न जाता कातडीवर राहतो आणि तिथेच गार पडतो.

सुती बनियन आतून घालण्याची सवय इथेच सोडा. वर कितीही महागडं जॅकेट असलं तरी खालची ओली बनियन सगळ्यावर पाणी फिरवते. आजीने विणलेला लोकरीचा स्वेटर प्रवासात जरूर घाला, व्यायामात नको. तो जाड असतो, वारा आरपार सोडतो आणि भिजला की जड होतो. खेळासाठीची मेरिनो लोकर वेगळी. प्रति चौरस मीटर १५० ग्रॅमच्या आसपास वजनाची पातळ मेरिनो अंगालगत चालते, भिजली तरी पॉलिएस्टरइतकी गारगार लागत नाही आणि दोन-तीन दिवस घातली तरी वास धरत नाही. वाळते मात्र सावकाश. रोज धुऊन घालायचं असेल तर पॉलिएस्टर बरं.

## ३. टॅग न काढता घरातलं माप

पंखा किंवा एसी लावून, कोरड्या अंगाने. टॅग तसाच ठेवा, नाहीतर दुकानदार वस्तू परत घेत नाही.

सायकलस्वारांनी सगळे थर चढवून खरोखर सायकलवर बसावं. आरशासमोर ताठ उभं राहून काहीच कळत नाही. सायकल भिंतीला टेकवा, हात हँडलच्या खालच्या वळणावर न्या आणि घरातल्या कुणाला तरी मागून पाहायला सांगा. कमरेवर कातडी दिसते? मनगटावर बाही आणि हातमोज्यामध्ये फट पडते? गळ्याची झिप हनुवटीला टोचते? तिन्ही ठिकाणी तासाभरात गारठा शिरतो.

मग मागच्या खिशात हात घाला. ही चूक सर्रास होते: वरचं जॅकेट लांब असतं, जर्सीचे खिसे त्याच्याखाली दडतात आणि चालत्या सायकलवर खाणं काढताच येत नाही. जॅकेटला मागे खिसा नसेल किंवा ते चटकन वर सरकत नसेल तर ते परत करा.

बिब शॉर्टचे (खांद्यावरून पट्टे असलेल्या सायकलच्या शॉर्ट्सचे) पट्टे बेस लेयरच्या वर आणि जर्सीच्या आत असावेत. उलट केलं तर लघवीसाठी रस्त्याकडेला सगळे थर उतरवायची वेळ येते. उणे ४ मध्ये हे फार महागात पडतं. महिलांनी मागून सुटणारे किंवा ताणून खाली येणारे बिब घ्यावेत आणि ते सगळ्या थरांसकट सोडून-बांधून पाहावेत, स्टॉपवॉच लावून.

धावणाऱ्यांनी जागच्या जागी तीन मिनिटं गुडघे उचलून धावावं. टाइट्स खाली घसरतात का, बाहीची शिवण काखेत येते का, स्पोर्ट्स ब्राचा पट्टा बेस लेयरच्या शिवणीवर बसतो का, हे पाहा. दोन शिवणी एकावर एक आल्या की तासाभरात तिथे काचणारच.

पडताळणी: सगळे थर घालून हात डोक्यावर नेले तरी पोट उघडं पडत नाही, हनुवटी छातीला लागते, बुटाची नाडी बांधता येते. तिन्ही जमलं तर टॅग काढा.

## ४. घामाची तपासणी, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर

या पायरीवर वेळ द्या, कारण गोव्यातून थंडीला जाणारे बहुतेक घामातच मार खातात. दमट हवेत वर्षभर घाम गाळलेलं शरीर थंडीतही चढावर भरपूर घाम काढतं आणि उतार लागला की तोच घाम अंगावर गार पडतो. कपड्यात अडकलेलं १०० ग्रॅम पाणी वाळायला सुमारे ५८ किलोकॅलरी उष्णता लागते. त्यातली बरीचशी तुमच्याच अंगातून जाते.

ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या. बेस लेयर पूर्ण कोरडा असताना तोला. एसी खोलीत, तापमान जमेल तितकं खाली आणून, पंखा समोर ठेवून टर्बो ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) ४० मिनिटं मध्यम जोराने सायकल चालवा. धावणाऱ्यांनी ट्रेडमिल वापरावी, किंवा आल्तिनोच्या चढावर पहाटे चाळीस मिनिटं, फक्त बेस लेयर घालून. थांबल्या-थांबल्या कपडा काढा, न पिळता तोला. मग तो पंख्याखाली टांगून दर पंधरा मिनिटांनी परत तोला.

समजा कोरडा १४० ग्रॅमचा कपडा २३० भरला आणि अर्ध्या तासात १६५ वर आला. दुसरा १४० चा २६० भरला आणि अर्ध्या तासाने अजून २२० वर आहे. दुसरा बाद, स्पर्शाला कितीही मऊ असला तरी. दोन्ही कपडे एकाच खोलीत, एकाच जोराने, शक्यतो सलग दोन दिवसांत तपासा. पावसाळ्यातला आणि डिसेंबरातला आकडा एकमेकांशी ताडून पाहू नका, हवेतल्या ओलाव्याने सगळा हिशेब फिरतो. आकडा कपड्या-कपड्यांत तुलना करण्यापुरताच. लेहच्या कोरड्या हवेत तोच कपडा याहून लवकर वाळेल.

पुढच्या फेरीत वर विंडचीटर चढवून तेच वीस मिनिटं करा. जॅकेटची आतली बाजू बोटांनी चाचपा. थेंब साचले असतील तर ते वाफ बाहेर सोडत नाही. चढावर ते काढायचं, निदान झिप पोटापर्यंत उघडायची, हे तेव्हाच ठरवून टाका.

इशारा: तीन थर घालून उन्हात किंवा दमट सकाळी लांब धावू नका. ‘थंडीचा सराव’ म्हणून असं करणारे आहेत. त्यातून थंडीची सवय लागत नाही, उष्माघात मात्र होऊ शकतो. सगळे थर घालून तपासणी फक्त एसीत आणि वीस मिनिटांच्या आत. चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखं वाटणं, अंगावर शहारे, यातलं काहीही जाणवलं तर तिथेच थांबा, कपडे उतरवा, अंगावर पाणी ओता, पंख्याखाली बसा. गोंधळ ओसरत नसेल तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

## ५. हात

थंडीत आधी बोटं जातात. बोटं बधिर झाली की ब्रेक, झिप, पंक्चर काढणं, खाणं, सगळंच अडतं.

जाड हातमोजे घालून सायकलवर बसा आणि दोन बोटांनी ब्रेक लिव्हर पूर्ण ओढून पाहा. लिव्हर लांब वाटला तर मेकॅनिककडून तो हँडलजवळ घ्या. बहुतेक लिव्हरना त्यासाठी छोटा स्क्रू असतो. गिअरची दोन बटणं शेजारी-शेजारी असतील तर जाड बोट दोन्ही एकदम दाबतं. घराभोवती पंधरा मिनिटं फक्त गिअर बदलत फिरा आणि किती वेळा चुकीचा गिअर पडला ते मोजा.

पुढची परीक्षा ओल्या हातांची. बादलीत पाणी घ्या, त्यात फ्रिजमधला बर्फाचा एक ट्रे ओता, दोन्ही हात तीन मिनिटं बुडवा. हात न पुसता हातमोजे घालायचा प्रयत्न करा. स्वस्त हातमोज्यांचं अस्तर बोटांना चिकटून बाहेर येतं आणि मग परत आत जात नाही. एक बोट अस्तरात, दुसरं अस्तराबाहेर अशी गत होते. खिंडीत दोन मिनिटं हातमोजा काढला की नेमकं हेच होणार आहे. अस्तर बोटांच्या टोकाशी शिवलेलं असेल तर हा प्रकार होत नाही. हातमोजा उलटा करून अस्तर हलकं ओढून पाहा, लगेच कळतं.

त्याच गार हातांनी, हातमोजे घालून ही कामं करा: झिप पोटापासून हनुवटीपर्यंत ओढणं, खाण्याचं पाकीट फाडणं, फोनवर कॉल घेणं, ट्यूबच्या व्हॉल्व्हचं टोपण काढून पंप लावणं. झिप जमत नसेल तर तिच्या पट्टीला जाड दोऱ्याचा दोन इंचांचा फास बांधा. पाकीट फाटत नसेल तर निघायच्या आधीच त्याला बारीक चीर देऊन ठेवा.

घट्ट हातमोजा पातळ हातमोज्यापेक्षा वाईट. बोटं आत वाकवून मूठ करा. कापड बोटांच्या टोकांवर ताणलं जात असेल तर रक्त नीट फिरणार नाही, एक माप मोठा घ्या.

ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी: थंडीत बोटं पांढरी किंवा निळी पडत असतील तर बर्फाच्या पाण्याची परीक्षा करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.

## ६. पाय

घट्ट बुटात दोन मोजे, ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. दोन मोज्यांनी पाय आवळला जातो, आतली हवा निघून जाते, रक्त फिरायचं कमी होतं आणि पाय उलट जास्त गारठतात. एकच जाड मोजा घाला, आणि त्या मोज्यासकट बोटं आत मोकळी हलत असतील तरच तो बूट न्या. नाहीतर अर्ध्या मापाने मोठा घ्या. बूट संध्याकाळी मापा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. हा नवा बूट निदान ५० किलोमीटर तरी इथल्या रस्त्यांवर वापरा. मोजा मात्र जाडच घाला, घामाची पर्वा न करता. इथे ऊब नाही, माप तपासायचंय.

सायकलच्या बुटांत गारठा दोन वाटांनी येतो: पुढच्या जाळीतून आणि तळव्यातल्या धातूच्या क्लीटमधून, म्हणजे बूट पॅडलमध्ये अडकवणाऱ्या तुकड्यातून. जाळीसाठी शू कव्हर. तळव्यासाठी आतलं इनसोल उचलून क्लीटच्या छिद्रांवर जाड टेप लावा. शू कव्हरचं खालचं भोक क्लीटच्या बरोबर मध्ये आलं पाहिजे. सायकल भिंतीला टेकवून वीस वेळा पॅडलमध्ये अडकवा-सोडवा. कापडाची कड क्लीटखाली येत असेल तर सिग्नलवर पाय सुटणार नाही आणि तुम्ही सायकलसकट आडवे व्हाल. कड बेताने कापा, थोडी-थोडी.

## ७. डोकं, कान, चष्मा

टोपी घालून हेल्मेट मापा. पट्टे सैल करावे लागले तर किती, ते मार्करने खूण करून ठेवा. टोपीवर हेल्मेट बसत नसेल तर टोपी पातळ घ्या. पट्टे शेवटच्या टोकापर्यंत सोडून हेल्मेट कसंबसं टेकवलंत तर ते पडताना जागेवर राहणार नाही.

बफ नाकावर ओढला की श्वासाची वाफ चष्म्यावर जाते. एसीत दहा मिनिटं बसून गार झालेला चष्मा घाला, बफ वर ओढा, बाहेर व्हरांड्यात या. गोव्याच्या दमट हवेत काच ताबडतोब धुरकट होईल. मग बफ नाकाखाली घ्या आणि पाहा किती वेळात निवळते. गडद काचा पहाटेच्या अंधारात कामाच्या नाहीत आणि दहा वाजता उंचीवरच्या उन्हात त्यांच्याशिवाय चालत नाही. फिकट काचेची जोडीही न्या.

## ८. वाऱ्याची तपासणी

कापड तोंडाला लावून जोरात फुंका. पलीकडे तळहाताला हवा लागली तर ते विंडचीटर नावापुरतंच. पुढून वारा अडवणारं आणि पाठीला जाळी असलेलं जॅकेट धावण्या-चालवण्याला सर्वांत सोयीचं, कारण वारा समोरून येतो आणि वाफ मागून निघते.

गोव्यातली खरी परीक्षा चोर्ला घाटात. पावसाळ्यात तिथे जाऊ नका, रस्ता निसरडा असतो, धुकं दाट. डिसेंबर-जानेवारीत साखळी-केरीवरून पहाटे चढा. माथा साधारण ८०० मीटरवर, म्हणजे किनाऱ्यापेक्षा पाचेक अंश थंड. चढताना फक्त बेस लेयर आणि जर्सी. माथ्यावर पोचलात की कपडे न बदलता पाच मिनिटं थांबा, मग ओल्या अंगावर विंडचीटर घालून उतरा. त्या उतारावर दात वाजले तर समजा, या जोडीने खारदुंग लाचा उतार होणार नाही.

त्याच फेरीत थांबल्यापासून झिप बंद होईपर्यंतचा वेळ मोजा. दोन मिनिटांच्या आत हवा. जास्त लागला तर जॅकेटची घडी खिशात उलटी जातेय किंवा बाही आत गुंडाळली गेलीय. घरी दहा वेळा घडी घालून पाहा.

लेहसाठी जुलै-ऑगस्टमध्ये तपासणाऱ्यांना चोर्ल्याचा पर्याय नाही. त्यांनी ओल्या जर्सीवर विंडचीटर चढवून एसीत, टेबलफॅन पूर्ण वेगात, पॅडल न मारता पंधरा मिनिटं ट्रेनरवर बसावं. कंटाळवाणं आहे, पण उपयोगी.

इशारा: चोर्ला, अनमोड या घाटांत ट्रक चालतात आणि पहाटे धुक्यात ते तुम्हाला पाहत नाहीत. पुढे-मागे दिवा, परावर्तक पट्टी आणि सोबती असल्याशिवाय जाऊ नका.

## ९. एक रात्र घाटावर

आता ऊब. डिसेंबर-जानेवारीत आंबोली किंवा बेळगावला एक मुक्काम करा आणि पहाटे साडेपाचला, सूर्य उगवायच्या आत, शर्यतीचे कपडे घालून दोन तास बाहेर राहा. गोव्याच्या जवळ याहून गार हवा सहज मिळत नाही. तरी ती लेहची नाही, म्हणून एक थर कमी घालून पाहा. दहा-पंधरा अंशांच्या हवेत दोन थरांत आरामात असाल तर शून्याजवळ तिसऱ्याची गरज नक्की लागेल. दोन थरांतच कुडकुडलात तर यादी बदला.

परतल्यावर लगेच, अंघोळीआधी, अंग पाहा. काख, मांड्या, स्तनाग्रं, कमरेचा पट्टा, मानेची मागची बाजू. लाल रेघ दिसली तर तिथली शिवण चुकीच्या जागी आहे. तिथे पेट्रोलियम जेली लावून परत एकदा तेवढंच अंतर करा. तरीही लाल होत असेल तर तो कपडा शर्यतीला नाही.

## १०. दिवे, बाटली, खाणं

लिथियम बॅटरी थंडीत लवकर उतरते. सायकलचा दिवा पूर्ण चार्ज करा, बाहेर किती वेळ जळतो ते लिहा. दुसऱ्या दिवशी परत चार्ज करून, झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून, चालू करून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नव्हे. वेळ पुन्हा मोजा. बाहेर काढल्यावर पिशवी उघडू नका. आपल्या दमट हवेत गार दिव्यावर दव धरतं आणि आत पाणी शिरतं. तासाभराने, तो खोलीच्या तापमानाला आला की उघडा.

पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी शून्याखाली आधी गोठते. प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकून पाणी मागे ढकलायची सवय इथेच लावा. बाटली वापरत असाल तर कोमट पाणी भरा.

चिक्की, खजूर, एनर्जी बार दोन तास फ्रीझरमध्ये ठेवून चावून पाहा. शेंगदाण्याची चिक्की दाताला सरळ आव्हान देते. खजूर चिवट होतो पण खाता येतो. जे चावत नाही ते आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवायचं.

## ११. धुणं आणि साठवणं

सॉफ्टनर वापरू नका. धाग्यांवर त्याचा थर बसतो आणि कापड घाम ओढायचं थांबतं. थोडी साबण पावडर, साधं पाणी, सावलीत पंख्याखाली वाळवणं. वॉटरप्रूफ जॅकेटवर पाणी टाकल्यावर थेंब घरंगळत नसतील, कापड ओलं दिसत असेल, तर ते धुऊन लेबल पाहा. लेबलवर परवानगी असेल तर हलक्या उष्णतेवर ड्रायरमध्ये फिरवल्याने वरचा लेप बऱ्याच वेळा परत जागा होतो.

गोव्यात यापेक्षा मोठा शत्रू बुरशी. एकदा लेहला घातलेलं जॅकेट कपाटात वर्षभर कोंबून ठेवलं की आतला लेप चिकट होऊन सुटायला लागतो, विशेषतः शिवणींच्या टेपजवळ. झिपांचे धातूचे सरक खाऱ्या हवेने अडकतात. पावसाळ्याआधी सगळं काढून वाळवा, झिपवर मेण घासा, घडी न घालता हँगरला टांगा आणि कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. पुन्हा न्यायची वेळ येईल तेव्हा तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करा. वजन बदललेलं असतं, माप बदललेलं असतं, इलॅस्टिकही ढिलं पडलेलं असतं.

## १२. तिथे पोचल्यावर

लेहला पोचल्यावर पहिले दोन दिवस व्यायाम नाही. उंचीशी जुळवून घेण्यासाठी शरीराला तो वेळ द्यायलाच हवा. तेवढ्यात कपड्यांची शेवटची तपासणी करा: पहाटे शर्यतीच्या वेळेला पूर्ण कपड्यांत दहा मिनिटं बाहेर उभे राहा, मग वीस मिनिटं सावकाश चाला. हात-पाय-कान, कुठे आधी गार पडतं ते लिहा. तिथेच भर घालायची, बाकी तसंच.

सायकलवाल्यांनी टायरचा दाब पोचल्यावर गेजने मोजावा. गार हवेने दाब उतरतो, उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्याने गेजवर तो चढतो. दोन्ही मिळून फरक थोडाच राहतो, पण अंदाजाने पंप मारू नका.

निघताना जर्सीच्या मागच्या खिशात एक वर्तमानपत्र घडी घालून ठेवा. खिंडीत गार पडलात तर ते छातीवर, जॅकेटच्या आत घालून उतरायचं.